विहिरीच्या पोटात पाय रोवून

मित्रहो, तेलविहिरीतला पॅकर आणि प्लग जागेवर कसे टिकून राहतात, हा विषय थोडा आडवाटेचा आहे, म्हणून आधी जागा दाखवतो. तेलाची विहीर खोदून झाली की तिच्यात पोलादी केसिंग उतरवतात आणि केसिंग व खडक यांच्यामध्ये सिमेंट भरतात. केसिंगच्या आत आणखी एक बारीक नळ सोडतात, ट्यूबिंग. तेल वर येतं ते या ट्यूबिंगमधून. केसिंग आणि ट्यूबिंग यांच्यामध्ये जी पोकळी उरते, ती खालच्या टोकाला बंद करणारं साधन म्हणजे पॅकर. अख्खा नळच बुजवायचा असेल तर प्लग.

आपल्या मुंबई हायचं उदाहरण घ्या. १९७४ मध्ये सागर सम्राटवरून तिथं तेल लागलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. इतकी वर्षं उपसल्यावर तिथल्या अनेक विहिरींना गॅस लिफ्टचा आधार द्यावा लागतो. पोकळीत दाबाने गॅस सोडायचा, तो व्हॉल्व्हमधून ट्यूबिंगमध्ये शिरतो आणि तेलाचा स्तंभ हलका करून वर आणतो. पोकळीला तळ नसेल तर तो गॅस नको तिथे जाईल. तो तळ पॅकर पुरवतो.

आता अडचण बघा. केसिंग आतून गुळगुळीत असतं. त्यात कुठे खाच नाही, कुठे कंगोरा नाही की ज्यावर काही टेकवावं. ट्यूबिंगमध्ये आपण निपल, म्हणजे आतून आधीच खाच कोरलेले नळाचे तुकडे, बसवतो, त्यात छोटे प्लग अडकतात. केसिंगला ती सोय नसते. आणि जोर किती? सात इंची, फुटाला २९ पौंडांच्या केसिंगचा आतला व्यास ६.१८४ इंच, म्हणजे आतलं क्षेत्रफळ ३० चौरस इंच. प्लगच्या खाली आणि वर ५,००० पीएसआयचा, म्हणजे दर चौरस इंचाला ५,००० पौंडांचा, फरक असेल तर प्लगवर दीड लाख पौंड, जवळपास ६८ टन. गुळगुळीत नळाच्या मध्यावर ६८ टन अडवून धरायचे.

हे ज्या भागावर सोपवलंय, तो आज बरोबर आणलाय. पहिल्या रांगेकडे देतो, बघून मागे सरकवा. जरा जपून, दाते धारदार आहेत. याला स्लिप म्हणतात. बाहेरच्या अंगाला दात्यांच्या ओळी दिसतील, आतला अंग उतरता आहे. हा उतार एका शंकूवर बसतो. शंकू आत सरकला की स्लिप बाहेर ढकलली जाते आणि दाते केसिंगमध्ये रुततात. कुऱ्हाडीच्या दांड्यात मारलेली पाचर, तेच तत्त्व. मला या रचनेतलं सगळ्यात देखणं वाटतं ते असं, की खालून दाब वाढला की तोच दाब शंकूला स्लिपखाली आणखी दामटतो. जोर वाढला की पकडही वाढते. मात्र पाचर एकाच दिशेला काम करते. दाब आज खालून असेल, उद्या दुरुस्तीच्या वेळी वरून. म्हणून स्लिपचे दोन संच, उलटसुलट तोंडांचे, आणि त्यांच्या मध्ये पोकळी बंद करणारं रबर.

पण पकड फुकट मिळत नाही. शंकूचा उतार १५ अंश धरा आणि घर्षण क्षणभर विसरा: ६८ टनांचे बाहेरच्या अंगाला २५० टन होतात. घर्षण धरलं की आकडा बराच खाली येतो, तरी केसिंगला आतून फाकवायला तो कमी नसतो. उतार फार कमी ठेवला तर केसिंग फुगतं, फार जास्त ठेवला तर दाते पुरेसे रुतत नाहीत. शिवाय तीन-चार सुट्या स्लिप असल्या तर भार तेवढ्याच ठिकाणी येतो. म्हणून मोठ्या दाबाच्या कामाला पूर्ण वर्तुळभर टेकणारी स्लिप बरी.

धातूची गोष्टही तशीच. दाते केसिंगपेक्षा कठीण हवेत, नाहीतर तेच बोथट होतील. पी-११० या दर्जाच्या केसिंगचं पोलाद १,१०,००० पीएसआयपर्यंत ताण सोसून मगच कायमचं वाकायला लागतं. त्यात दात रुतवायचा तर दाताचा पृष्ठभाग खूप कठीण लागतो. अख्खी स्लिप तशी केली तर ती काचेसारखी ठिसूळ. म्हणून कवच कठीण, गाभा चिवट.

रबराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण कौतुक त्याचंच जास्त होतं. मध्ये मऊ तुकडा, दोन्ही कडांना कडक. फटीतून रबर बाहेर येऊ नये म्हणून धातूच्या कड्या. साध्या विहिरीला नायट्राइल चालतं, तापमान आणि रसायनं वाढली की महाग रबरं. पण एक लक्षात घ्या. रबर दाबलेलं राहतं ते कुणीतरी दाबून धरलंय म्हणून. स्लिप पाव इंच सरकली की उत्तमातलं उत्तम रबर गळणार. हे दाबून धरण्याचं काम एक अंगठीएवढ्या रुंदीचं कडं करतं, लॉक रिंग. आतल्या अंगाला बारीक दातेरी आटे, पुढे जाऊ देणारे आणि मागे न येऊ देणारे. पॅकर बसवताना जो जोर लावला, तो वर्षानुवर्षं या आट्यांत साठून राहतो. आटे जितके बारीक, तितकी शेवटच्या क्षणाची माघार कमी. पॅकरचं चित्र पाहताना लोक या कड्याकडे बघतही नाहीत, याचं मला नवल वाटतं.

बसवायच्या पद्धती तीन. वायरलाइनवरच्या, म्हणजे तारेने विहिरीत सोडलेल्या, सेटिंग टूलमध्ये सावकाश जळणारी स्फोटकाची दारू असते, तिच्या वायूने पिस्टन हलतो. दुसरी, ट्यूबिंगमध्ये गोळा सोडून पंपाने दाब चढवायचा. तिसरी, वरून पाइप फिरवून आणि वजन टाकून. बहुतेक वेळा शिअर पिन, म्हणजे मुद्दाम कमकुवत ठेवलेल्या खिळ्या, ठरलेल्या जोराला तुटतात आणि पुढची पायरी सुरू होते. त्याआधी स्क्रेपर फिरवून केसिंगची भिंत साफ करायची. दाते गंजाच्या पापुद्र्यात रुतले तर पापुद्र्यासकट घसरतील. हे काम वेळखाऊ वाटतं म्हणून टाळणारे भेटतात; त्यांच्याशी मी वाद घालत नाही, रिपोर्टात लिहून ठेवतो.

बसला की आधी ओढून आणि वजन टाकून पाहायचं, मग दाबाची चाचणी. चाचणी न झालेला अडथळा हा अडथळा धरायचा नाही. आसाममधल्या बागजानला २७ मे २०२० रोजी दुरुस्तीचं काम चालू असताना विहीर उसळली, ९ जूनला आग लागली, दोन अग्निशमन कर्मचारी गेले आणि विहीर पूर्ण आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला. तिथे प्लग सिमेंटचा होता. त्याची खात्री होण्याआधी वरचा बीओपी (विहीर उसळली तर तिचं तोंड बंद करणारी झडप) काढला गेला, हे प्राथमिक चौकशीत पुढे आलं.

बसलेल्या पॅकरचा पुढचा शत्रू तापमान. विहिरीत समुद्राचं थंड पाणी सोडलं आणि ट्यूबिंग सरासरी ३० अंशांनी गार झाली, तर २,००० मीटरची ट्यूबिंग ७० सेंटिमीटर आखडू पाहते. खाली पॅकरने धरून ठेवलेली असेल तर साडेतीन इंची नळात १२-१३ टनांचा ताण उभा राहतो. गरम झाली तर उलट, ती स्प्रिंगसारखी वेटोळी होते. याचं गणित ल्युबिन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये मांडलं. ज्या पॅकरच्या सुटण्याच्या पिना सरळ ओढीने तुटतात, त्यांच्या बाबतीत हे आधी तपासावंच लागतं. नाहीतर रिगवर कुणी हातही लावलेला नसताना थंड पाणीच पॅकर सोडवून मोकळं होतं.

आणि काढायचा कसा? अमेरिकेत शेल नावाच्या थरांच्या खडकातल्या विहिरींत एकेका विहिरीत डझनावारी प्लग लागतात; ते कंपोझिटचे करतात म्हणजे पटकन चुरा होतो, किंवा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे, जे खाऱ्या पाण्यात आपोआप विरघळतात. कायमचा पॅकर मात्र मिलिंगनेच, म्हणजे फिरत्या कटरने कापूनच, काढावा लागतो. नवी मुलं विचारतात, चार-पाच फूट पोलाद सगळं कापायचं का? नाही. मिलला फक्त वरच्या स्लिपपर्यंत पोहोचायचं असतं. त्या कापल्या गेल्या की साठवलेला जोर सुटतो, रबर सैल पडतं, आणि खालून अडकवलेल्या टूलने उरलेला पॅकर ओढून वर घेता येतो.