जुन्या सिल्वराडोचे बीसीएम बदलण्याआधी आणि बदलताना

नमस्कार. आज आपण २००३ ते २००६ या वर्षांतल्या शेवरोले सिल्वराडो १५०० या पिकअप ट्रकच्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलविषयी, म्हणजेच बीसीएमविषयी बोलणार आहोत. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी ज्यांनी ट्रेलर ओढायला किंवा घराची कामे करायला असा जुना ट्रक घेऊन ठेवला आहे, त्यांच्यासाठी हा व्हिडिओ आहे. त्या काळातल्या जीएमसी सिएरा, टाहो आणि सबर्बन याच जीएमटी८०० प्लॅटफॉर्मवरच्या असल्यामुळे त्यांनाही यातले बहुतेक सारे लागू पडते.

सुरुवातीलाच माझे मत सांगून टाकतो. बीसीएम काढून दुसरे बसवणे हे हाताचे काम अर्ध्या तासाचेही नाही. खरे काम त्याच्या आधी असते आणि नंतर असते, आणि बहुतेक लोकांचे पैसे या दोन ठिकाणीच वाया जातात.

या ट्रकमधले बीसीएम दार उघडल्यावर लागणारे आतले दिवे सांभाळते, दिवसा चालू राहणाऱ्या हेडलाइटच्या रिलेला आदेश देते, चावी काढल्यावरही दार उघडेपर्यंत रेडिओ काही मिनिटे चालू ठेवते आणि या सगळ्याच्या जोडीला पासलॉक ही चोरीविरोधी यंत्रणाही चालवते. चावीच्या सिलिंडरजवळ एक सेन्सर असतो. चावी फिरवली की तो बीसीएमला ठरावीक व्होल्टेज पाठवतो, बीसीएम ते ओळखते आणि इंजिनाच्या कंप्युटरला इंधन चालू ठेवण्याची परवानगी देते. ही परवानगी पोहोचली नाही तर इंजिन सुरू होते, दोनेक सेकंद चालते आणि बंद पडते, आणि डॅशवर सिक्युरिटीचा दिवा लुकलुकू लागतो. अशा वेळी स्कॅनरवर पी१६२६ किंवा पी१६३१ हे बिघाडाचे कोड दिसले की लोक लगेच नवीन बीसीएम मागवतात. प्रत्यक्षात या गाड्यांमध्ये बीसीएमपेक्षा सिलिंडरजवळचा तो सेन्सर किंवा त्याच्या बारीक वायरी कितीतरी अधिक वेळा खराब झालेल्या आढळतात.

तसाच दुसरा गैरसमज मीटरविषयी आहे. वेग किंवा तेलाचा दाब दाखवणारा काटा अडकला, तर तो दोष क्लस्टरमधल्या, म्हणजे डॅशवरच्या मीटरांच्या पॅनेलमधल्या, काटा फिरवणाऱ्या छोट्या स्टेपर मोटरचा असतो आणि या पिढीच्या ट्रकमध्ये तो अतिशय सर्रास आढळतो. गिअर दाखवणारी अक्षरे अधूनमधून नाहीशी होत असतील किंवा खिडक्या मध्येच चालेनाशा होत असतील, तर आधी इग्निशन स्विचचे झिजलेले कॉन्टॅक्ट तपासावेत. या दोन्ही तक्रारींसाठी बीसीएम बदलल्याने काहीही साधत नाही.

(कॅमेरा डॅशखालच्या ओबीडी सॉकेटजवळ, म्हणजे स्कॅनर लावायच्या सॉकेटजवळ.)

आता तपासणीकडे वळू. बॅटरी शांत असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवत नसेल, तर पुढचे काहीही तपासू नये, कारण कमी व्होल्टेजवर ही मॉड्यूले वाटेल ते कोड देतात. स्कॅनर सॉकेटला लावूनही सुरूच होत नसेल तर घाबरून जाऊ नका. या ट्रकमध्ये सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनला सिगारेट लायटरच्या फ्यूजमधून वीज मिळते. लायटरच्या जागी स्वस्त चार्जर खुपसल्यामुळे तो फ्यूज उडालेला असतो आणि खापर मात्र बीसीएमवर फुटते.

स्कॅनर सुरू झाला, इंजिनाशी बोलला, पण बीसीएमशी बोलत नाही आणि इतर मॉड्यूलांमध्ये यू१०६४, म्हणजे बीसीएमशी संपर्क तुटल्याचा कोड आहे, असे असेल तर शंका योग्य दिशेने चालली आहे. तरी निकाल देण्याआधी बीसीएमच्या कनेक्टरवर वीज आणि अर्थ (ग्राउंडची वायर) या दोन्ही गोष्टी भार टाकून तपासाव्यात. नुसत्या मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे वायर धड आहे असे होत नाही. एकच तार शिल्लक राहिलेली वायरसुद्धा १२ व्होल्ट दाखवते आणि बल्ब लावला की मान टाकते. म्हणून टेस्ट लॅम्प लावा, आणि अर्थच्या बाजूला भार असताना ०.१ व्होल्टपेक्षा अधिक घट दिसली तर त्या वायरचा मागोवा घेत फ्रेमपर्यंत जा. मिशिगन, ओहायो अशा राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या भागातून आलेल्या ट्रकच्या फ्रेमवरचा अर्थचा बोल्ट वरून ठीक दिसतो, पण सोडवला की वायरीच्या टोकाच्या कडीखाली गंजाचा जाड थर निघतो.

यानंतर येते बस, म्हणजे मॉड्यूलांनी एकमेकांना संदेश पाठवण्याची वायर. या गाड्यांमध्ये नंतरच्या गाड्यांतली कॅन बस नाही. त्याआधीची क्लास २ ही एका वायरीवर चालणारी बस आहे, आणि ती सॉकेटच्या २ क्रमांकाच्या पिनवर मिळते. बस शांत असताना शून्याजवळ असते आणि संदेश जाताना सुमारे ७ व्होल्टपर्यंत जाते, त्यामुळे मीटरवर आकडा सतत हलताना दिसला पाहिजे. तो शून्यावर किंवा १२ व्होल्टवर खिळून बसला असेल, तर बस कुठेतरी शॉर्ट आहे, आणि एकच बिघडलेले मॉड्यूल सगळ्यांची तोंडे बंद करू शकते. सुदैवाने जीएमने, म्हणजे जनरल मोटर्सने, येथे सोय करून ठेवली आहे. सर्व मॉड्यूलांच्या वायरी डॅशखाली एका स्प्लाइस पॅकमध्ये एकत्र येतात आणि त्यातली कंगव्यासारखी धातूची पट्टी काढली की प्रत्येक मॉड्यूल वेगळे पडते. मग सॉकेटची वायर एकेका मॉड्यूलला जोडून पाहायची. ज्याला जोडताच बस पुन्हा खिळते, तो गुन्हेगार. कित्येकदा तो बीसीएम नसून रेडिओ असतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आधीच्या मालकाने बाजारातला रिमोट स्टार्टर बसवलेला असेल, तर डॅशखाली त्याने मारलेले सगळे जोड आधी शोधा. अशा जोडांची इन्सुलेशन टेप वाळून सुटते आणि दोन वायरी एकमेकींना टेकतात. मॉड्यूलवर पैसे घालण्याआधी हे जंजाळ काढून टाकणे अधिक शहाणपणाचे आहे.

हे सर्व पार करूनही बीसीएम मुकेच राहिले, तरच ते बदलावे. भंगार यार्डातले मॉड्यूल स्वस्त मिळते, पण त्यावरचा पार्ट नंबर जुळला पाहिजे आणि देणारी गाडीही शक्यतो तशाच सोयींची असावी. आपल्या ट्रकमध्ये कोणत्या सोयी आहेत, हे ग्लव्ह बॉक्समधल्या लेबलवरच्या तीन अक्षरी कोडांतून कळते: एयू३ म्हणजे दारांची विजेवरची कुलपे, एयू० म्हणजे रिमोट, यूके३ म्हणजे स्टिअरिंगवरची रेडिओची बटणे. त्या लेबलचा फोटो आताच काढून ठेवा. प्रोग्रामिंगच्या वेळी तो हाताशी लागतो.

(कॅमेरा स्टिअरिंगखालच्या पॅनेलवर.)

बॅटरीची ऋण केबल काढा. स्टिअरिंगभोवती एअरबॅगच्या वायरी असल्यामुळे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने ती यंत्रणा निष्क्रिय करा आणि पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका. गुडघ्यासमोरचे पॅनेल ७ मिलिमीटरच्या स्क्रूंवर आहे. ते उतरवले की स्टिअरिंग कॉलमजवळ बीसीएम दिसते. कनेक्टरची खिट्टी पूर्ण सुटल्याशिवाय ओढाताण करू नये, कारण वीस वर्षांचे प्लास्टिक काचेइतक्या सहज तडकते. कनेक्टर हातात आल्यावर पिनांकडे टॉर्च मारून नीट पाहा. हिरवट पूड दिसली तर विंडशील्डच्या कडेने पाणी झिरपते आहे, आणि ते थांबवले नाही तर नवे मॉड्यूलही त्याच वाटेने जाईल.

आता प्रोग्रामिंग. नव्या मॉड्यूलला गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, आणि सोयींची यादी द्यावी लागते, आणि त्यासाठी टेक २ हे जीएमचे स्कॅनर किंवा तेच काम करणारे साधन लागते. साधा कोड रीडर येथे उपयोगाचा नाही. स्वतःकडे साधन नसेल, तर एखाद्या फिरत्या प्रोग्रामरला घरी बोलावणे बहुतेकदा परवडते. रेडिओसुद्धा व्हीआयएन पडताळतो, म्हणून चुकीचा व्हीआयएन असलेले यार्डातले मॉड्यूल तसेच बसवले तर रेडिओ लॉक होऊन बसतो. प्रोग्रामिंग चालू असताना बॅटरीला व्होल्टेज स्थिर ठेवणारा चार्जर जोडलेला असावा.

शेवटी पासलॉकची नव्याने ओळख करून द्यायची. चावी स्टार्टपर्यंत फिरवा, इंजिन बंद पडले की चावी ऑनवरच राहू द्या, आणि सिक्युरिटीचा दिवा विझेपर्यंत, म्हणजे साधारण १० मिनिटे, थांबा. दिवा विझल्यावर चावी बंद करून काही सेकंद जाऊ द्या, आणि हेच आणखी दोनदा करा. एकूण अर्धा तास जातो. या वेळात दिवे, पंखा, रेडिओ बंद ठेवा. चौथ्या वेळी इंजिन सुरू होऊन चालू राहिले पाहिजे.

ट्रक सुरू झाल्यावर कुलपे, आतले दिवे, दिवसाचे दिवे आणि रेडिओ तपासून कोड पुसा. मग गाडी बंद करून, मॉड्यूले झोपी गेल्यावर, बॅटरीच्या ऋण बाजूला अ‍ॅमीटर लावून गळती मोजा. ती ५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत असावी. दुरुस्त केलेले मॉड्यूल विकत घेतले असेल तर दुकानदाराने कोअरची, म्हणजे जुन्या मॉड्यूलची, अनामत घेतलेली असते, आणि जुने मॉड्यूल परत केल्यावर ती मिळते. मात्र ट्रक आठवडाभर रोज चालवून बिघाड पुन्हा येत नाही अशी खात्री होईपर्यंत जुने मॉड्यूल परत देऊ नका. फक्त पावतीवर परतीची मुदत किती दिवसांची आहे ते आधी पाहून घ्या.