कोठीवरचा माणूस

मंडळी, लग्नघरात पंगती नीट उठल्या, तर कोठीवर बसलेल्या काकांचं नाव कुणी घेत नाही. मठ्ठा संपला, की मात्र सगळा मांडव त्यांनाच शोधत सुटतो. आज मी बोलणार आहे ते असल्याच एका काकांबद्दल. फक्त त्यांची कोठी मिसिसिपी नदीवर होती आणि पंगतीला लाखो सैनिक बसले होते.

लुइस पार्सन्स हा मूळचा सैनिक नव्हेच. येलला शिकलेला वकील, पुढे रेल्वे कंपनीच्या कारभारात पडलेला. 1861 मध्ये अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं, तेव्हा त्याने वयाची चाळिशी ओलांडली होती. उत्तरेच्या सैन्याने त्याला कॅप्टन केलं, क्वार्टरमास्टर खात्यात, म्हणजे फौजेच्या रसद-वाहतुकीच्या खात्यात टाकलं आणि मिसिसिपीकाठच्या सेंट लुइसला बसवलं. पश्चिमेकडच्या फौजांसाठी आगगाड्या आणि आगबोटी पुरवायच्या, हे त्याचं काम.

त्या काळचं सेंट लुइस कसं होतं, ते आधी सांगतो. पार्सन्सच्या आधी तिथे जस्टस मॅकिन्स्ट्री नावाचा क्वार्टरमास्टर होता. कंत्राटं मर्जीतल्या लोकांना, भाव मनाला येईल तो. आणि या गृहस्थाला सप्टेंबर 1861 मध्ये सेनापती फ्रेमाँटने ब्रिगेडिअर जनरल करून टाकलं! पुढे चौकशी झाली, कोर्टमार्शल झालं आणि जानेवारी 1863 मध्ये त्याला सैन्यातून काढलं. युद्ध सुरू होऊन सहा महिने झाले नाहीत तोच घोटाळेवाला जनरल झाला होता. कोठी चोख ठेवणाऱ्याला जनरल व्हायला युद्ध संपावं लागलं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, बाकी तपशील.

तपशील मात्र फार मजेचे आहेत. पार्सन्स आला तेव्हा आगबोटी रोजावर भाड्याने घेत. म्हणजे बोट चालो की धक्क्याला बांधलेली राहो, मालकाचा मीटर चालूच. उलट बोट जितकी रेंगाळेल तितका मालक खूश. पार्सन्सने ही रीत बदलून मोहोरबंद निविदा मागवल्या आणि भाडं ठरवलं ते वजनावर, दर शंभर पौंडांमागे. माल पोचला तर पैसे. बोटमालक एकदम चपळ झाले! यात शौर्य कुठे आहे, सांगा. यावर कोण पोवाडा लिहिणार?

डिसेंबर 1862 मध्ये उत्तरेच्या शर्मन या सेनापतीला दक्षिणेच्या ताब्यातल्या, मिसिसिपीकाठच्या व्हिक्सबर्गवर चालून जायचं होतं. मेंफिस आणि हेलेना या नदीकाठच्या गावांतून मिळून तीस हजारांवर माणसं, तोफा, घोडी, वैरण, हे सगळं नदीतून न्यायचं. बोटी काही दिवसांत जमवायच्या होत्या आणि त्या जमल्या. पण महिनाअखेरीस व्हिक्सबर्गजवळच्या चिकासॉ बायूला शर्मनने सपाटून मार खाल्ला. लढाई बुडाली, तिच्याबरोबर बोटींची गोष्टही बुडाली.

आपल्याकडे तरी वेगळं काय? पानिपत म्हटलं की भाऊसाहेब, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी. गोविंदपंत बुंदेले रसद आणि पैका जमवत होते, भाऊंच्या पत्रांतला तगादा सोसत होते आणि डिसेंबर 1760 मध्ये त्याच धावपळीत मारले गेले. त्यानंतर छावणीत उपासमार वाढली. तेव्हा लोकांना गोविंदपंत आठवले असतील.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनच्या हाताखालचा नॅथनेल ग्रीन हे बोलून मोकळा झाला होता. हा लढवय्या सेनापती 1778 मध्ये नाइलाजाने क्वार्टरमास्टर जनरल झाला आणि पुढच्या वर्षी त्याने वॉशिंग्टनला लिहिलं, की इतिहासात क्वार्टरमास्टरचं नाव कधी कुणी ऐकलं आहे का?

म्हणून अशा माणसाची बढतीसाठी शिफारस करायची तर लिहायचं काय? किल्ला घेतला नाही, झेंडा रोवला नाही. त्याच्या यशाचा पुरावा म्हणजे काहीच घडलं नाही, हाच! त्यात नियमांची अडचण. अमेरिकेत कोट्यवधी डॉलरचा व्यवहार सांभाळणारे क्वार्टरमास्टर वर्षानुवर्षं कॅप्टनच राहत. जुलै 1864 मध्ये कायदा करून खात्याचे नऊ विभाग पाडले, विभागप्रमुखाला कर्नलचा हुद्दा दिला, तोही त्या खुर्चीवर असेपर्यंतच. पार्सन्सकडे रेल्वे आणि नदी वाहतूक आली.

मग जानेवारी 1865. टेनेसी नदीवरून सेनापती स्कोफिल्डची तेविसावी कोअर, म्हणजे फौजेचा एक मोठा भाग, पूर्वेला वॉशिंग्टन शहराकडे हलवायची होती. माणसं सुमारे वीस हजार, अंतर साधारण चौदाशे मैल, निम्मं नदीने, निम्मं रेल्वेने. भर हिवाळा, ओहायो नदीत बर्फ. पार्सन्स स्वतः निघाला. बर्फाने बोटी अडल्या तिथे गाड्या घेतल्या, वाटेत गरम कॉफीची सोय केली. एका तुकडीला सरासरी अकरा दिवस लागले. मला विचाराल तर कॉफी महत्त्वाची. नकाशावर बोट फिरवणारे पुष्कळ असतात, डब्यात कुडकुडणाऱ्या शिपायाची आठवण ठेवणारा एखादाच.

पार्सन्सला ब्रिगेडिअर जनरल केलं ते मे 1865 मध्ये. लिंकनच्या खास सूचनेवरून, असं सांगतात. तोवर दक्षिणेचा सेनापती ली याने शस्त्रं खाली ठेवून महिना झाला होता आणि लिंकन हयात नव्हता.

त्याच मे महिन्यात उत्तरेचा सरसेनापती ग्रँट याने पार्सन्सला पत्र लिहिलं. कागदोपत्री ती शिफारस नव्हे, बढती आधीच झाली होती. तरी शिफारस कशी असावी हे त्यातून कळतं. ग्रँट म्हणतो, या पदाचं महत्त्व सैन्यातल्या कुठल्याही पदापेक्षा कमी नाही. पुढे कारणं देतो: हजारो मैल अख्ख्या फौजा नेल्या, लाखोंचे हिशेब चुकते केले, तुमच्यामुळे एकही मोहीम क्षणभर खोळंबली नाही. एकही विशेषण हवेत सोडलेलं नाही, प्रत्येकाखाली काम आहे.

हे ग्रँटलाच का सुचलं? कारण मेक्सिकोच्या युद्धात तो स्वतः पलटणीचा क्वार्टरमास्टर होता. खेचरांच्या पाठी लादण्याचं काम नको म्हणून त्याने तक्रारही केली होती. मॉन्टेरीच्या लढाईत तर छावणी सोडून हल्ल्यात घुसला! कोठीवर बसण्याचा कंटाळा त्याने चाखला होता, म्हणून कोठीवर चार वर्षं बसलेल्याची किंमत त्याला कळली.

बढती मिळाल्यावर पार्सन्सला उसंत मिळाली असेल असं वाटत असेल, तर तसं नाही. आता फौजा घरी पोचवायच्या होत्या. वॉशिंग्टनमधून चाळीस दिवसांत सुमारे 2 लाख 33 हजार माणसं रेल्वेने हलली. 1867 मध्ये सेंट लुइसला त्याचे अहवाल पुस्तकरूपाने छापून निघाले. त्यात बोटी आहेत, वजनं आहेत, दर आहेत. लढाई एकही नाही.