सुटलेले व्यसन, वजनाची शस्त्रक्रिया आणि मनाची तपासणी

श्रोतेहो, नमस्कार.

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजेच बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया, करायची ठरली की रुग्णाच्या हाती तपासण्यांची लांबलचक यादी पडते. रक्ताच्या तपासण्या, हृदयाचा इको, पोटाची सोनोग्राफी, दुर्बिणीने जठराची पाहणी, हे सारे लोक मुकाट्याने करून घेतात. पण त्याच यादीत खाली कुठेतरी मानसोपचारतज्ज्ञांची भेट लिहिलेली दिसली की कपाळाला आठी पडते. पूर्वी दारूचे किंवा गोळ्यांचे व्यसन असलेला आणि आता त्यातून बाहेर पडलेला माणूस तर या भेटीची धास्तीच घेतो. जुने सगळे उकरून काढतील, फायलीवर ‘व्यसनी’ असा शिक्का बसेल, शस्त्रक्रिया नाकारतील आणि विमा कंपनीही हात वर करेल, असे विचार त्याच्या डोक्यात घोळत असतात, आणि मग त्या विषयाची वाच्यताच करायची नाही असे ठरवूनच तो समोर बसतो. आज मला बोलायचे आहे ते या लपवण्याविषयी, कारण या शस्त्रक्रियेच्या बाबतीत लपवलेली गोष्ट पुढे शरीरावरच उलटते.

ती कशी उलटते, हे समजण्यासाठी आधी पोटात काय बदलते ते पाहू. सध्या प्रामुख्याने दोन शस्त्रक्रिया केल्या जातात. स्लीव्ह या प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकून एक अरुंद नळी शिल्लक ठेवली जाते, तर बायपासमध्ये जठराचा वरचा, जेमतेम ३० मिलिलिटर मावेल एवढा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडला जातो. एरवी दारू काही काळ जठरात रेंगाळते, तिथल्या विकरांमुळे तिचा थोडा अंश तिथेच मोडतो आणि उरलेली हळूहळू पुढे उतरते. बायपासनंतर हा मधला मुक्कामच नाहीसा होतो, दारू सरळ आतड्यात पोहोचते आणि काही मिनिटांत रक्तात भिनते. अमेरिकेतील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात बायपास झालेल्या स्त्रियांना दोन पेगांएवढे मद्य देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या रक्तातील मद्याची पातळी एरवी चार पेगांनी गाठावी तेवढी वर गेली. म्हणजे ज्या माणसाने कष्टाने दारू सोडली आहे, त्याच्या हातून कधी एक घोट गेलाच, तर तो जुना घोट राहिलेला नसतो. इतक्या वेगाने चढणारी नशा मेंदूला व्यसनाकडे अधिक जोराने ओढते.

अमेरिकेतील १० रुग्णालयांतून १,९४५ रुग्णांची माहिती गोळा केलेला एक मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात मद्यसेवनाच्या विकाराची लक्षणे शस्त्रक्रियेआधीच्या वर्षात ७.६ टक्के लोकांत होती, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात ती ७.३ टक्के लोकांत, म्हणजे जवळपास तितक्याच जणांत आढळली आणि दुसऱ्या वर्षी ते प्रमाण ९.६ टक्क्यांवर गेले. मला यात टक्क्यांपेक्षा दुसरे वर्ष महत्त्वाचे वाटते. पहिले वर्ष उत्साहाचे असते. दर महिन्याला काटा खाली येतो, जुने कपडे सैल होतात, लोक कौतुक करतात, दवाखान्याच्या फेऱ्याही नियमित चालू असतात. दुसऱ्या वर्षी वजन स्थिरावते, कौतुक ओसरते, फेऱ्या थांबतात, आणि नेमके तेव्हाच ‘आता थोडीशी घ्यायला काय हरकत आहे’ हा विचार डोके वर काढतो.

जेवण सुटले म्हणून माणूस दारूकडे वळला, असे या प्रकाराचे सोपे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. ते मला अपुरे वाटते. त्याच संशोधकांच्या पुढच्या पाहणीत, आधी अशी लक्षणे नसलेल्या रुग्णांपैकी बायपास झालेल्या २०.८ टक्के लोकांत पाच वर्षांच्या अवधीत ती दिसू लागली, पण जठर आवळण्यासाठी त्यावर नुसता पट्टा बसवलेल्यांत हे प्रमाण ११.३ टक्केच होते. खाणे दोन्ही गटांचे कमी झाले होते. तरीही फरक पडला, याचा अर्थ आतड्यांच्या नव्या जोडणीचाही यात मोठा वाटा असला पाहिजे. स्लीव्हबाबतच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, तरीही व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाने तिथेही तेवढेच सावध राहावे, असा माझा आग्रह असतो.

आता प्रत्यक्ष भेटीत काय होते, ते एका कल्पित उदाहरणावरून सांगतो. समजा, निफाड तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार आहेत. उंची १७० सेंटिमीटर, वजन १२८ किलो, म्हणजे बॉडी मास इंडेक्स, उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ४४ च्या पुढे. मधुमेह आहे, झोपेत श्वास अडकतो, गुडघे बोलतात. तीन वर्षांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले आणि तेव्हापासून त्यांनी दारूला हात लावलेला नाही. त्यांना मी ‘तुम्ही पिता का’ एवढेच विचारून थांबत नाही. शेवटचा घोट कधी घेतला, सोडल्यावर कंप सुटला होता का, झटके आले होते का, मध्ये कधी पुन्हा सुरू झाली होती का आणि ती कोणत्या दिवशी, असे प्रश्न येतात. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ नावाची प्रश्नावली असते, गरजेनुसार रक्ताची तपासणीही असते, आणि त्यांपैकी एक तपासणी गेल्या दोन-चार आठवड्यांतील मद्यपानाचा माग सांगू शकते. यातली प्रत्येक तपासणी रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने व्हायला हवी. चोरून केलेल्या तपासणीने विश्वास जातो आणि पुढचा सगळा उपचार त्या विश्वासावरच उभा असतो.

पण मला सर्वांत उपयोगी पडतो तो साधा प्रश्न असा, की प्यायची इच्छा अनावर होते त्या संध्याकाळी तुम्ही काय करता? आपले बागायतदार थोडे ओशाळतात आणि सांगतात, ‘साहेब, गोड खातो. पाव किलो जिलबी एकटा संपवतो, मग बरं वाटतं.’ शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणतात, ‘माल काढून पैसे हातात आले की ह्यांची ती रात्र फार अवघड जाते, म्हणून मीच आणून ठेवते.’ या दोन वाक्यांत निम्मे मूल्यमापन होऊन जाते. सुरुवातीच्या काळात तलफ आली की गोड तोंडात टाकावे, हा सल्ला व्यसनमुक्तीच्या गटांतून दिला जातो आणि तो अनेकांना तारतो. बायपासनंतर मात्र पाव किलो जिलबी पचणारच नाही. एवढे गोड एकदम आतड्यात उतरले की छातीत धडधडते, दरदरून घाम येतो, पोटात कळा येतात, जुलाब होतात. म्हणजे या गृहस्थांना तीन वर्षे ज्याने सावरले, तो आधारच शस्त्रक्रिया काढून घेणार आहे, आणि त्या जागी दुसरा आधार शस्त्रक्रियेच्या आधीच उभा करावा लागणार आहे. वजन का वाढले, याचे उत्तरही बहुधा तिथेच सापडते. भूक नसताना, लपून, थांबता न येता खाणे हा स्वतंत्र विकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

नैराश्य, झोप, पूर्वी जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार आला होता का, घरात आणखी कोण पितो, हे सारे विचारले जाते. त्यात नाशिकचा संदर्भ टाळता येत नाही. द्राक्षाच्या या जिल्ह्यात वाइनकडे लोक प्रतिष्ठेचे, जवळजवळ निरुपद्रवी पेय म्हणून पाहतात. पाहुणे आले की त्यांना वायनरी दाखवायला नेण्याची रीत पडली आहे. तिथली चाखण्यापुरती दिलेली वाइनसुद्धा अशा रुग्णासाठी दारूच आहे, हे घरच्यांना आधी पटावे लागते.

तंबाखूचा उल्लेख लोक स्वतःहून करत नाहीत, कारण मळून लावलेल्या चिमटीला ते व्यसनात धरतच नाहीत. धूम्रपानामुळे बायपासच्या जोडावर अल्सर होण्याचा धोका बराच वाढतो, म्हणून निदान सहा आठवडे आधी तंबाखू बंद करायला आणि पुढेही ती बंदच ठेवायला सांगितले जाते.

औषधांची बाब मात्र नीट ऐकावी. दारूची ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्या रुग्णाने ते लपवले, तर शस्त्रक्रियेनंतर दिलेली अफूवर्गातील वेदनाशामके लागूच पडणार नाहीत. ती गोळी किती दिवस आधी थांबवायची, हे भूलतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून ठरवतात. ज्यांना पूर्वी अशाच वेदनाशामकांचे व्यसन होते, त्यांच्यासाठी कोणते औषध, किती दिवस आणि कोणाच्या ताब्यात, हे आधी लिहून ठेवावे लागते. मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांसाठी दिल्या जाणाऱ्या लिथियम या औषधावर असलेल्यांच्या रक्तातील त्याची पातळी शस्त्रक्रियेनंतर धोकादायक वाढू शकते. या गोष्टी ऐनवेळी कळून चालत नाही.

मग निर्णय काय होतो? व्यसन आज चालू असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि आधी व्यसनावर उपचार होतात. ते सुटलेले असेल तर अनेक ठिकाणी किमान सहा महिने ते एक वर्षाचा व्यसनमुक्त काळ पाहिला जातो. मात्र केवळ भूतकाळात व्यसन होते म्हणून कोणाला शस्त्रक्रियेतून वगळावे, हे मला मान्य नाही. रोजचा दिवस ठरवून जगणे, तलफ ओळखणे, गटाच्या सभेला जाणे, चूक झाली तर फोन उचलून सांगणे, ही शिस्त व्यसनातून सावरलेल्या माणसाने आधीच अंगी बाणवलेली असते आणि शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्यातही नेमकी तीच लागते. आपल्या बागायतदारांच्या बाबतीत मी बहुधा तारीख तीन-चार महिने पुढे नेईन, अर्थात हंगामाची ती अवघड रात्र शस्त्रक्रियेआधी, जिलबीवाचून पार पडेल अशा बेताने; सर्जनशी बायपासऐवजी दुसरा पर्याय जमेल का याची चर्चा करीन; आणि दुसऱ्या वर्षातल्या भेटींच्या तारखा आत्ताच लिहून पत्नीच्या हाती देईन. एरवी मन बिथरले आणि रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

आणखी एक सूचना खास घरच्यांसाठी. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला सतत उलट्या होत असतील किंवा तो पुन्हा पिऊ लागला असेल, आणि त्याचा चालताना तोल जात असेल, एकाचे दोन दिसत असतील, बोलणे असंबद्ध होत असेल, तर तो नशेत आहे असे समजून त्याला झोपवून ठेवू नका. शरीरातील थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, संपल्यामुळे मेंदूला इजा होत असण्याची शक्यता असते, आणि दारू व बायपास दोन्ही त्याला कारण होऊ शकतात. लगेच रुग्णालयात न्या आणि तिथल्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेचे आणि दारूचे, दोन्ही सांगा, म्हणजे ग्लुकोजची बाटली लावण्याआधी ते थायमिनचे इंजेक्शन देतील.

नमस्कार.