आरशातली परीक्षा

(दृश्य: टेबलावर फक्त लॅपटॉप आणि छोटा व्हाइटबोर्ड. एक हात लॅपटॉपसमोर आरसा धरतो.)

हा आरसा परीक्षेसाठी आहे. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला समोरची खोली दिसते, स्वतःचा पडदा दिसत नाही. म्हणून परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची जीआरई घरून देणारा आरसा धरतो आणि कुठेतरी दूर बसलेला पर्यवेक्षक त्यातून पडद्याच्या कडा तपासतो. कुठे चिठ्ठी डकवली आहे का, हे त्याला बघायचं असतं.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे परीक्षा केंद्रं बंद पडली, तेव्हा जीआरई घेणाऱ्या ईटीएस या अमेरिकी संस्थेनं ती आणि इंग्रजीची टोफेल घरी आणल्या. पाठोपाठ एप्रिलमध्ये व्यवस्थापनाच्या प्रवेशासाठीची जीमॅट आली आणि मे महिन्यात अमेरिकेतल्या कायद्याच्या प्रवेशासाठीची एलसॅट. सोय तात्पुरती होती. साथ गेली, सोय राहिली.

(दृश्य: खोलीभर फिरणारा वेबकॅम. बंद दार, टेबलाखालची जागा.)

सुरुवात खोली दाखवण्यापासून होते. चारही भिंती, टेबलाचा वरचा भाग, टेबलाखाली. खोलीत दुसरं कुणी नको, दार बंद हवं. पलंगावर किंवा सोफ्यावर बसून चालत नाही. कान उघडे दिसले पाहिजेत. मॉनिटर एकच. कच्च्या कामाला सुटा कागद मिळत नाही. छोटा व्हाइटबोर्ड घ्यायचा, नाहीतर पारदर्शक प्लास्टिकमध्ये घातलेला एकच कागद, आणि शेवटी लिहिलेलं सगळं कॅमेऱ्यासमोर पुसायचं.

जीआरई १ तास ५८ मिनिटांची. मध्ये ठरलेली सुट्टी नाही. एक निबंध ३० मिनिटांत आणि ५४ प्रश्न ८८ मिनिटांत.

हे नियम पाळणाऱ्यालाच आधी त्रास होतो. वीज जाते, वायफाय तुटतं, आई दार ढकलून आत येते, शेजारच्या फ्लॅटमधला टीव्ही ऐकू येतो. प्रश्न ओठांनी पुटपुटत वाचायची सवय, विचार करताना बाजूला बघायची सवय, चेहऱ्यावर नीट न पडणारा उजेड, या सगळ्याची संशयास्पद म्हणून खूण पर्यवेक्षणाचं सॉफ्टवेअर करून ठेवतं. खूण म्हणजे गुन्हा नव्हे, माणसानं ती पाहायची असते. तशी ती पाहिली जात नाही, हीच मोठी पंचाईत. प्रॉक्टरयू या पर्यवेक्षण कंपनीनं २०२१ मध्ये निव्वळ यंत्राच्या भरवशावरची सेवा विकणं थांबवलं. यंत्रानं संशयित ठरवलेल्या सत्रांपैकी जेमतेम ११ टक्के सत्रं महाविद्यालयांनी उघडून पाहिली होती. त्याआधी २०२० मध्ये याच कंपनीच्या सुमारे ४ लाख ४४ हजार वापरकर्त्यांची माहिती बाहेर फुटली होती. खोली दाखवायची सक्ती तर न्यायालयातही गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये ओहायोतल्या संघराज्य न्यायालयानं एका सरकारी विद्यापीठानं घेतलेली अशी झडती घटनाविरोधी ठरवली.

(दृश्य: आपोआप सरकणारा माउस. खुर्चीतल्या मुलाचे हात मांडीवर.)

संघटित फसवणुकीत कॅमेऱ्याला दिसण्यासारखं फारसं काही नसतं. मुलगा खुर्चीत आहे, नजर पडद्यावर आहे, खोली रिकामी आहे. उत्तरं देणारा मात्र दुसरीकडून त्याच संगणकाचा ताबा घेऊन बसलेला असतो. गंमत अशी, की पर्यवेक्षकही सुरुवातीच्या तपासणीला अशाच दूरनियंत्रणाचा आधार घेतात. म्हणून परीक्षेसाठीचा सुरक्षित ब्राउझर चालू प्रोग्रॅम तपासतो आणि दुसरा पडदा किंवा आभासी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आत चालवलेला दुसरा संगणक, दिसलं की अडवतो. दुसरी जुनी युक्ती तोतयाची. तिसरी, प्रश्नच विकण्याची. परीक्षा अनेक दिवस चालते आणि प्रश्न ठरावीक साठ्यातून पुन्हा येतात, त्यामुळे लक्षात ठेवून बाहेर आणलेल्या प्रश्नाला बाजार मिळतो.

हे पकडलं जातं ते बहुधा परीक्षा संपल्यावर, आकड्यांतून. प्रत्येक प्रश्नावर किती सेकंद गेले, याची नोंद असते. उतारा वाचायलाच दीड मिनिट लागेल आणि अचूक उत्तर वीस सेकंदांत आलं, असं वारंवार घडलं की शंका येते. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांच्या चुकाही सारख्या निघाल्या, तर ती आणखी वाढते. बरोबर उत्तर सगळ्यांचं एकच असतं, चूक मात्र ज्याची त्याची वेगळी असते. निबंधांची आपसांत तुलना होते. माणूस स्वतः लिहितो तेव्हा थांबतो, खोडतो, मागे जातो; पाहून उतरवणाऱ्याच्या टंकलेखनात हे थांबणं सापडत नाही. गुण त्यानंतर रोखले जातात किंवा रद्द होतात, आणि विद्यापीठाला कळवलं तर प्रवेशही जातो.

(दृश्य: परीक्षा केंद्रातल्या संगणकांच्या रांगा.)

केंद्र म्हणजे अभेद्य, असंही नाही. २०२१ च्या जेईई मेनमध्ये हरियाणातल्या सोनिपतच्या केंद्रातले संगणक बाहेरून चालवले गेल्याचा आरोप सीबीआयनं ठेवला. छापे पडले त्यांत पुणंही होतं. सीबीआयच्या म्हणण्यानुसार, एका विद्यार्थ्यामागे १२ ते १५ लाख रुपये ठरत आणि दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, लॉगिनचे तपशील आणि पुढच्या तारखेचे धनादेश तारण म्हणून घेतले जात. म्हणजे मुलगा फसवणूक करायला गेला आणि आपली कागदपत्रं दलालाच्या कपाटात ठेवून आला. नंतर तो तक्रार कुणाकडे करणार?

जून २०२४ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या कायद्यात अशा संघटित गुन्ह्याला ५ ते १० वर्षं कैद आणि किमान १ कोटी रुपये दंड आहे. तो कायदा यूपीएससी, एसएससी, रेल्वे, आयबीपीएस, एनटीए अशांच्या परीक्षांना लागू होतो. जीआरई त्या यादीत नाही. तिथे ईटीएसच्या अटी चालतात, आणि फसवणूक, तोतयेगिरीचे नेहमीचे कायदे.

एलसॅटनं तर वाटच बदलली. चीनमध्ये प्रश्नांचा बाजार मांडलेला दिसल्यावर ऑक्टोबर २०२५ च्या परीक्षेनंतर तिथली ऑनलाइन परीक्षा थांबवायचं ठरलं. ऑगस्ट २०२६ पासून बाकीच्यांनाही केंद्रात यायला सांगितलं. घरून देण्याची मुभा फक्त वैद्यकीय कारण किंवा खरोखर मोठी अडचण असणाऱ्यांना.

जीआरई घरून देण्याचा पर्याय ईटीएसनं मात्र पुढे चालू ठेवला. आरसा नसेल तर मोबाइल धरून पडदा दाखवता येतो, आणि मग तोच मोबाइल हात पोचणार नाही इतका दूर ठेवावा लागतो.