पावसातले ऑक्सफर्ड: एक दुकान आणि एक चर्च

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डला, मुलाकडे राहायला गेले होते. आपला पाऊस ढोल वाजवत येतो आणि आला की अंगण, रस्ता, ओढा सगळे एक करून टाकतो. तिथला पाऊस मात्र आला कधी हेच कळत नाही. सकाळी पडदा सरकवावा तर आभाळ छपरांवर टेकलेले असते, आणि पाऊस पडतो आहे की नुसती हवाच ओली आहे, हे हात बाहेर काढल्याशिवाय उमगत नाही. अशाच एका सकाळी मुलगा आणि सून कामावर निघाली, नातू पाळणाघरात गेला, आणि निघता निघता सून म्हणाली, "आई, दिवसभर घरात बसून राहू नका. छत्री घ्या, बसने गावात जा आणि चॅरिटी शॉप्स बघून या. पाऊस वाढला तर एखाद्या जुन्या चर्चमध्ये जाऊन बसा." तिने हे सहज सुचवले होते. पण त्या दिवशी मी जे दुकान पाहिले आणि जे चर्च पाहिले, त्या दोहोंचे मूळ एकच आहे असे मला संध्याकाळपर्यंत कळले, आणि त्याबद्दलच आज आपल्याशी बोलायचे आहे.

चॅरिटी शॉप म्हणजे लोकांनी दान म्हणून आणून दिलेल्या वापरलेल्या वस्तू विकणारे दुकान. कपडे, पुस्तके, कपबशा, चित्रांच्या चौकटी, खेळणी, लोकरीचे गुंडे असे काहीही तिथे मिळते, आणि विक्रीतून राहिलेला पैसा एखाद्या सेवाभावी संस्थेच्या कामाला जातो. कुठे तो कर्करोगाच्या संशोधनासाठी असतो, कुठे हृदयरोग्यांसाठी, कुठे बेघरांसाठी. ब्रिटनमध्ये आज अशी सुमारे दहा हजार दुकाने आहेत, आणि लहानशा गावाच्या बाजाररस्त्यावरही तीनचार तरी सापडतात.

खरे सांगायचे तर मी तिथे जायला मनातून थोडी बिचकत होते. आपल्याकडे जुने कपडे घराबाहेर जातात ते बोहारणीच्या गाठोड्यातून. दुपारच्या वेळी ती दारात येते, साड्यांची जर बोटांनी चाचपून पाहते, दोन पँटी आणखी टाका म्हणते, आणि घासाघीस होऊन शेवटी एक स्टीलचे पातेले घरात येते. ते कपडे पुढे कोणाच्या अंगावर चढतात हे आपण विचारत नाही, आणि दुसऱ्याच्या अंगावरचे उतरलेले कपडे आपण विकत घेऊन घालावेत ही कल्पनाच मध्यमवर्गीय घराला सोसत नाही. त्यात गरिबीची लाज असते आणि विटाळाची जुनी भीतीही असते. ही दोन्ही ओझी माझ्याही डोक्यावर होती.

सेंट जाइल्स रस्त्यावरचे असेच एक पुस्तकांचे दुकान मी आधी पाहिले. तिथे एका जुन्या कवितासंग्रहाच्या पहिल्या पानावर कोणा आत्याने भाचीला वाढदिवसाची भेट म्हणून लिहिलेल्या चार ओळी होत्या. दुसऱ्यांच्या घरातला तो जिव्हाळा वाचताना मला अवघडल्यासारखे झाले, म्हणून मी पुस्तक हळूच जागेवर ठेवले आणि पावसातून ब्रॉड स्ट्रीटकडे वळले.

ब्रॉड स्ट्रीट हा खरोखरच रुंद रस्ता आहे. त्याच्या एका बाजूला कॉलेजच्या दगडी भिंती आहेत आणि दुसऱ्या बाजूला एकमेकींना खेटून उभी असलेली अरुंद दुकाने. त्यांपैकी 17 क्रमांकाच्या दुकानाच्या भिंतीवर निळी गोल पाटी आहे आणि तिच्यावर सेसिल जॅक्सन-कोल हे नाव आहे. ऑक्सफॅम या दुष्काळग्रस्तांना मदत करणाऱ्या संस्थेचे पहिले कायमचे दुकान 1947-48 च्या हिवाळ्यात याच जागेत सुरू झाले. युद्ध संपून दोनच वर्षे झाली होती, कपड्यांवर अजून रेशन होते, साबणही मोजून मिळत होता. अशा टंचाईच्या काळात लोकांनी आपल्या कपाटांतले कपडे आणि वस्तू युरोपातल्या निराधारांसाठी आणून दिल्या. ज्या तिकडे पाठवण्याजोग्या होत्या त्या पाठवल्या गेल्या, आणि बाकीच्या विकून पैसे उभे करावेत अशी कल्पना निघाली. संस्थेचे मानद चिटणीस जॅक्सन-कोल हे मुळात व्यापारी गृहस्थ होते, आणि दानाच्या कामाला व्यापाराची शिस्त लावली तर ते टिकेल, असे ते मानत. 1949 मध्ये जो मिटी नावाचे एक माजी सैनिक पहिले पगारी कर्मचारी म्हणून दुकानात आले, आणि पुढे अनेक वर्षे हे काम त्यांनीच वाढवले. अशी दुकाने त्याआधी नव्हतीच असे मात्र नाही. युद्धकाळात रेड क्रॉसने ती चालवली होती. पण आज ज्या स्वरूपात ती गावोगाव दिसतात, ती रीत इथून पसरली.

आत मला अंधाऱ्या गोदामाची अपेक्षा होती. प्रत्यक्षात कपडे रंगांप्रमाणे लावलेले होते, वाफेच्या इस्त्रीचा ऊबदार वास येत होता, आणि गल्ल्यावर पंचाहत्तरीच्या पुढच्या एक बाई चष्मा नाकावर ओढून किमतीच्या चिठ्ठ्या लिहीत होत्या. मी नवखी आहे हे ओळखून त्यांनी आपणहून सगळे समजावून सांगितले. आठवड्यातून दोन दिवस त्या विनावेतन येतात. दान आलेल्या पिशव्या मागच्या खोलीत उघडल्या जातात. डाग, फाटकी शिवण, तुटलेली चेन हे सगळे पाहून माल निवडला जातो. विजेच्या वस्तू तपासणी झाल्याखेरीज मांडता येत नाहीत. काही आठवडे होऊनही जो कपडा विकला जात नाही, तो बाजूला काढतात, आणि शेवटी चिंध्यांचे व्यापारी तो किलोवर घेऊन जातात, म्हणजे त्याचेही चार पैसे होतात. दान देणारा माणूस आयकर भरत असेल आणि त्याने तसा अर्ज भरून दिला असेल, तर त्याच्या वस्तूच्या विक्रीतून आलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकार आणखी 25 पेन्स संस्थेला देते. शिवाय तुमच्या वस्तूंतून इतकी रक्कम उभी राहिली, असे पत्र दात्याच्या घरी येते. ही हिशेबाची स्वच्छता मला फार मोलाची वाटली. आपल्याकडे दान देताना मन मोठे असते, पण दिल्यानंतर त्या पैशाचे काय झाले हे विचारणे अप्रशस्त मानले जाते, आणि त्या संकोचाचा फायदा पुष्कळदा भलतेच लोक घेतात.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या दुकानात कोणी याचक नसतो. वस्तू देणारा ती देऊन निघून जातो, घेणारा तिचे दाम मोजतो, आणि मदत मिळणारा माणूस तिसऱ्याच कुठल्या देशात असतो. देणाऱ्यासमोर कोणाला हात पसरावा लागत नाही. शेजारच्या हँगरवर कोट पाहणारी बाई श्रीमंत होती की महिनाअखेरीच्या ओढीत होती, हे मला सांगता आले नसते, आणि ते कोणी पाहतही नव्हते. दानातला अपमान काढून टाकण्याची ही युक्ती ज्यांना सुचली, त्यांना माणसाचे मन कळले होते असे मला वाटते.

लहान मुलांच्या कपड्यांत मला एक हाताने विणलेला स्वेटर दिसला. निळी लोकर, पुढे वेणीची नक्षी. मी चाळीस वर्षे विणते आहे, त्यामुळे यंत्राचे विणकाम आणि हाताचे विणकाम मला लांबूनही वेगळे ओळखता येते. डावीकडच्या वेणीला एका ठिकाणी चुकीच्या बाजूने पीळ पडला होता, आणि विणणारीने तो पुढच्या ओळीत सावरून घेतला होता. बहुधा तिला ते उशिरा दिसले असावे आणि उसवायचा कंटाळा आला असावा. माझ्याकडूनही असे झालेले आहे. तो स्वेटर हातात धरून उभी असताना मला आमच्या घरातली रीत आठवली. आपल्याकडे जन्मलेल्या बाळाच्या अंगाला पहिल्यांदा नवे कापड लावत नाहीत. आजीचे धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे फाडून त्याची दुपटी शिवतात, थोरल्या भावंडाचे झबले त्याला घालतात, कारण वापरलेले कापड बोचत नाही आणि त्यात घरच्यांची माया उतरते, असे आपण मानतो. म्हणजे आयुष्याचे पहिले वस्त्र आपण जुनेच नेसतो, आणि पुढे मोठेपणी दुसऱ्याच्या वस्त्राचा विटाळ मानतो. माझी भीती तिथेच सुटली. तीन पौंड देऊन मी नातवासाठी तो स्वेटर घेतला.

बाहेर आले तर पाऊस वाढला होता. दुकानापासून थोड्याच पावलांवर, बेलिअल कॉलेजसमोर भर रस्त्यात, दगडांत बसवलेला एक छोटा क्रूस आहे, आणि त्यावर पाणी साचले होते. 16 ऑक्टोबर 1555 रोजी ह्यू लॅटिमर आणि निकोलस रिडली या दोन बिशपांना, आणि 21 मार्च 1556 रोजी आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर यांना या परिसरात जिवंत जाळले. कॅथलिक मेरी राणीच्या राज्यात त्यांचे प्रोटेस्टंट मत हाच त्यांचा अपराध ठरला. तिथून मी टर्ल स्ट्रीटच्या अरुंद गल्लीतून हाय स्ट्रीटवर आले आणि सेंट मेरी द व्हर्जिन या विद्यापीठाच्या चर्चमध्ये आसरा घेतला.

या चर्चचा मनोरा तेराव्या शतकातला आहे आणि त्यावरचा निमुळता कळस चौदाव्या शतकातला. हाय स्ट्रीटकडचे प्रवेशद्वार 1637 मधले असून त्याचे दोन्ही खांब पीळ दिलेल्या दोरासारखे आहेत. वर मेरीची मूर्ती आहे, आणि पुढे यादवी युद्धात सैनिकांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या. आत शिरल्यावर पावसाचा आवाज एकदम दूर गेला. ओल्या छत्र्यांचा, मेणाचा आणि जुन्या लाकडाचा मिसळलेला वास, दगडी फरशीवर पुसट झालेली थडग्यांची नावे, आणि माझ्यासारखीच पावसाने आत लोटलेली पाचसहा माणसे. एक खांब तिथे दाखवतात. त्याचा थोडा भाग छाटलेला आहे, आणि क्रॅन्मरसाठी चौथरा उभारताना तो छाटला असे सांगतात. त्या शेवटच्या सकाळी क्रॅन्मरने आपले मत चुकीचे होते अशी कबुली सर्वांसमोर पुन्हा द्यायची, असे ठरले होते, कारण तशा कबुलीपत्रांवर त्याने आधी सह्या केल्या होत्या. प्रत्यक्षात त्याने त्या सगळ्या कबुल्याच नाकारल्या, आणि ज्या उजव्या हाताने त्या लिहिल्या तो हात आधी जळेल, असे सांगितले. चितेवर त्याने तसेच केले. छाटलेल्या त्या दगडावर हात ठेवल्यावर मी बराच वेळ तिथून हलू शकले नाही. एवढा थोर माणूसही आधी घाबरला होता, हे मला त्याच्या धैर्याइतकेच जवळचे वाटले.

याच चर्चला लागून 1320 च्या सुमाराची एक दुमजली इमारत आहे. खाली विद्यापीठाची सभा भरत असे आणि वर विद्यापीठाचा पहिला ग्रंथसंग्रह होता, म्हणून त्या वरच्या खोलीला अजून जुने ग्रंथालय म्हणतात. ब्रॉड स्ट्रीटवरच्या दुकानाची गोष्ट खरी सुरू होते ती या खोलीत. 5 ऑक्टोबर 1942 रोजी काही माणसे इथे जमली आणि त्यांनी दुष्काळ निवारणासाठी ऑक्सफर्ड समिती स्थापन केली. चर्चचे धर्मगुरू कॅनन मिलफर्ड तिच्यात होते, ग्रीक भाषेचे पंडित गिल्बर्ट मरे होते, क्वेकर या शांतिवादी ख्रिस्ती पंथाचे डॉ. हेन्री गिलेट होते, आणि जॅक्सन-कोल लवकरच तिचे मानद चिटणीस झाले. ग्रीस तेव्हा जर्मनी आणि तिच्या साथीदार देशांच्या ताब्यात होता, दोस्तांच्या आरमाराने त्याची नाकेबंदी केली होती, आणि शत्रूच्या ताब्यातल्या त्या देशात मुले भुकेने मरत होती. आपल्याच सरकारने त्या नाकेबंदीतून अन्न आणि औषधे जाऊ द्यावीत, असा या लोकांचा आग्रह होता. युद्ध ऐन भरात असताना असे म्हणणे सोपे नव्हते.

पुढच्या वर्षी, 1943 मध्ये, त्यांनी ऑक्सफर्डमध्ये ग्रीससाठी निधी गोळा केला. त्याच वर्षी आपल्या बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली, आणि तीही याच ब्रिटिश सरकारच्या अमलाखाली. त्या लाकडी बाकावर बसून मला हे आठवल्याशिवाय राहिले नाही, आणि मी ते विसरू इच्छितही नाही. पण ही समिती युद्धानंतर बरखास्त झाली नाही, तिने आपले काम ग्रीसच्या आणि युरोपच्या पलीकडे नेले, आणि 1951 मध्ये बिहारच्या दुष्काळाला तिने मदत पाठवली, हेही तितकेच खरे आहे. तारेसाठी घेतलेला 'ऑक्सफॅम' हा तिचा छोटा पत्ता 1965 मध्ये तिचे अधिकृत नाव झाला. कोणा इंग्रज बाईने ब्रॉड स्ट्रीटवरच्या त्या दुकानात मोजलेली नाणी आपल्या बिहारमधल्या एखाद्या ताटापर्यंत पोचली असतील, या विचाराने मला त्या परक्या गावात एकाएकी घरच्यासारखे वाटले.

चारच्या सुमाराला अंधारून आले. बसमध्ये खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होते, आणि स्वेटरची पिशवी मी मांडीवर घट्ट धरली होती. रात्री जेवणे झाल्यावर मी तो कोमट पाण्यात धुतला, टॉवेलवर पसरून वाळत घातला, आणि दोन दिवसांनी दिव्याखाली घेऊन बसले. कोपराजवळ एक टाका गळला होता. तो सुईने उचलून मी पक्का केला. सून म्हणाली, "आई, ती चुकलेली वेणी पण नीट करून टाका ना." मी म्हटले, "नाही गं, ती तशीच राहू दे. ती तिची आहे."

धन्यवाद, श्रोतेहो.