गैरहजर मुलाच्या घरी

नमस्कार. या शहरात मी चौतीस वर्षं शिकवलं. आज बोलायचंय ते हजेरीपटाबद्दल. खरं तर त्यातल्या गैरहजेरीबद्दल.

आपल्या बडोद्यात हजेरी हा फार पूर्वीपासून राज्यकारभाराचा विषय होता. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मूल शाळेत आलं नाही तर पालकांना दंड! गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात असंच विधेयक आणलं, तेव्हा बडोद्याचं उदाहरण त्यांच्यासमोर होतं. ते फेटाळलं गेलं. साऱ्या देशातल्या मुलांना शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळायला २०१० उजाडलं.

मी नोकरीला लागले तेव्हा दंड कुणी करत नव्हतं. पण आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचा नियम होता. मूल तीन दिवस आलं नाही, की चौथ्या दिवशी वर्गशिक्षकाने घरी जायचं. शाळा सुटली की मी दांडिया बाजारातून निघायचे, सूरसागर तलावाच्या कडेने मांडवीकडे आणि मग पोळांमध्ये, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्ल्यांमध्ये. पोळात शिरताच पहिल्याच ओटल्यावरून, घरापुढच्या ओट्यावरून, हाक यायची, "कोणाकडे, बाई?" नाव सांगितलं की अर्धी हकिकत तिथेच कळे. आजीला दवाखान्यात नेलंय, वडील सुरतेला गेलेत, पोरगं ओटल्यामागे लपलंय. भाजी निवडणाऱ्या गुजराती बा आणि समोरच्या मराठी काकू एकमेकींचं वाक्य पुरं करत. त्या ओटल्यांनी मला जेवढं शिकवलं, तेवढं बी.एड.ने नाही शिकवलं.

एक मुलगा उत्तरायणाच्या आधी आठ दिवस आला नाही. गेले तर सगळं घर मांजा सुतत होतं. त्याची बोटं गुलाबी झालेली, दोन ठिकाणी चिरलेली. मी त्याला रागवायलाच गेले होते. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, पाच हजार वारांच्या फिरकीतून आठशे वार मागू लागलं. या मुलाने क्षणात भाव सांगितला. वर्गात हाच मुलगा मीटरची गणितं कोरी सोडायचा! त्याच्या घरात मीटर हा शब्दच नव्हता. मांजा वारात, आजीचं लुगडं नऊ वारी. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर आधी वार लिहिला, मग त्याचे मीटर करायला शिकवलं. मी घरी गेले नसते, तर तो मुलगा वर्षभर माझ्या लेखी 'ढ' राहिला असता. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ज्यांच्या घरी मी गेले नाही, अशी मुलंही होतीच.

पुढे कुटुंबं पोळ सोडून मांजलपूर, कारेलीबाग, गोत्रीकडे गेली. मराठी माध्यमाचे वर्ग ओसरले. मी कुणालाही दोष देत नाही; प्रत्येक आई मुलाच्या पोटापाण्याचा विचार करते. मुलं व्हॅनमधून येऊ लागली. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत सकाळी सातला फोनवर मेसेज यायचा, "ताप आहे." बस. हजेरीपट पूर्वीपेक्षा नीट भरलेला असायचा आणि मला चाळीसपैकी दोन घरांचीही वाट ठाऊक नव्हती. एकदा मुद्दाम गेले, तर खाली वहीत नाव, वेळ आणि 'कामाचं स्वरूप' लिहावं लागलं. काय लिहू? मी 'शिक्षिका' एवढंच लिहिलं.

पण त्या फोनलाही मी नावं ठेवणार नाही. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा माझ्या एका जुन्या वर्गाने ग्रुपवर यादी केली. नावं माझ्या हजेरीच्या क्रमानेच, तीस वर्षांनंतरही! एकेक जण आपल्या नावापुढे 'हजर' लिहीत गेला. संध्याकाळपर्यंत एकच नाव उरलं. रात्रभर त्या नावापुढे काही उमटलं नाही. पाणी ओसरू लागल्यावर त्यांच्यातले दोघे चालत त्याच्या घरी गेले. दुपारी मला फोन आला.

"बाई, तिसऱ्या मजल्यावर आहे तो. फोन भिजला होता. आम्हाला चा पाजली त्याने. तुम्ही हजेरी मांडा."