पेटी कधी लावायची, कधी काढायची

(आमच्या गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, मी बोलायला उभी राहायच्या आधीच पुढे बसलेल्या एका पोट्ट्यानं विचारलं, "काकू, कॉकटेल पक्ष्याचे नर-मादी एका पिंजऱ्यात सोडले की जमली ना जोडी?" तिथूनच सुरू करते. तशी नाही जमत, बाळा. आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे जोडी जमली तरी पिल्लं जगतील याची खात्री नाही, कारण मार्च सरत आला की आपल्या टिनाच्या घरांची भट्टी होते.

बाजारात ज्याला 'कॉकटेल' म्हणतात, तो हा कॉकाटील. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, काकाकुवाच्या घराण्यातला सगळ्यात लहान. तिकडच्या कोरड्या मुलखात पाऊस पडतो, गवताला बी धरतं, तेव्हा हा पक्षी अंड्यावर येतो. हे मला आधी कळलं असतं, तर माझ्या पहिल्या जोडीला मी एप्रिलात अंडी घालायची लाकडी पेटी लावली नसती. मादीनं चार अंडी घातली. दुपारी अंड्यांवर बसलेला नर चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून पेटीच्या भोकाशी येऊन धापा टाकायचा. कूलर होता, पण लाइन गेली की तो नुसता डबा. शेवटी दोघांनीही अंडी सोडली. मी फोडून पाहिली. तीन अंड्यांत पिल्लू तयार होत आलेलं होतं. त्या पक्ष्यांनी सगळं बरोबर केलं होतं, चुकले मी.

तेव्हापासून मी गणपती झाल्यावर पेटी लावते. नवरात्राच्या आसपास अंडी येतात, दिवाळीच्या सुमारास पिल्लं. संक्रांतीपर्यंत ती स्वतः दाणे फोडून खाऊ लागलेली असतात. मग पेटी काढून माळ्यावर ठेवते. पेटी दिसत राहिली तर मादी पुन्हा पुन्हा अंडी घालते आणि आतून पोखरली जाते. वर्षाला एक वीण मला पुरे वाटते, दोनच्या वर तर मुळीच नको. विकणारे चार-चार घेतात. मला ते पाहवत नाही.

आता जोडीचं. करड्या रंगाची सगळी पिल्लं आधी मादीसारखीच दिसतात. पहिली पिसं झडून नवी आली की नराचा चेहरा पिवळाजर्द होतो, मादीच्या शेपटीखालचे आडवे पट्टे मात्र राहतात. ल्युटिनो म्हणतात त्या पिवळ्या-पांढऱ्या कॉकाटीलमध्ये हे पट्टे फार फिके असतात, उजेडात निरखावे लागतात. वागण्यावरूनही कळतं. नर लांबलचक शीळ घालतो, खांद्याशी पंख उचलून मिरवतो, चोचीनं टकटक करतो. आमच्या ओळखीच्या एका ताईंच्या पिंजऱ्यात एकदम दहा अंडी झाली, एकही भरलेलं नाही. दोन्ही माद्याच निघाल्या! दुकानात एकाच पिंजऱ्यातून काढून दिलेली 'जोडी' बरेचदा भाऊ-बहीण असते, म्हणून नर एकीकडून, मादी दुसरीकडून आणा. नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. मग पिंजरे शेजारी लावा. ते एकमेकांची डोकी खाजवू लागले की एकत्र करा. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय पेटी दाखवू नका.

बजरीगर या छोट्या पोपटाला लावतात ते मडकं यांना लहान पडतं. सुताराकडून 12 इंच लांब, रुंद आणि उंच अशी पेटी करून घ्या, भोक 3 इंचांचं. तळाला रंध्याचा भुसा दोन बोटं घाला, पण प्लायवूडचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात.

खाण्यात राळा, बाजरी, ज्वारी, मोड आलेले मूग, शेवग्याचा पाला आणि आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं. समुद्रफेस, म्हणजे कटलफिशचं पांढरं हाड, पिंजऱ्यात कायम टांगलेला हवा. तो काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. अंड्याचं कवच बनवायला मादीला कॅल्शियम लागतं. ते कमी पडलं की अंडं अडकू शकतं. मादी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसली, शेपटी वरखाली हलवत असली, तर पोट दाबू नका. ऊब द्या आणि लगेच डॉक्टरकडे न्या. गुरांचे असले तरी न्या, तिथे तासांचा हिशेब असतो. आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, धुऱ्यावरचं (बांधावरचं) गवत तोडून आणू नका. फवारणीचं विष आपल्याला दिसत नाही, पण एवढ्याशा जिवाला तेवढंच पुरतं.

अंडी एक दिवसाआड येतात, चार ते सहा. दिवसा बहुतेक नर बसतो, रात्री मादी. आठवडाभरानं मोबाइलचा टॉर्च खालून धरा. भरलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. साधारण 18 ते 21 दिवसांत पिल्लू निघतं, पण सगळी एकदम नाही. थोरल्या-धाकट्यात आठवड्याचं अंतर पडू शकतं. धाकट्याच्या गळ्याशी अन्नाची पिशवी असते, ती रोज बघा. रिकामी राहत असेल, तर त्याला भरवायला जाणकार माणूस गाठा. भरवायची पेज जास्त गरम झाली तर ती पिशवी आतून भाजते, फार थंड असली तर अन्न तिथेच साचून आंबतं. एका पिल्लाची पिशवी माझ्या हातून भाजली. ते पिल्लू वाचलं नाही. म्हणून सांगते, शिकल्याशिवाय सिरिंज हातात घेऊ नका.

राघू का नाही, असंही कोणी विचारलं. आपला जंगली राघू 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, त्याला पिंजऱ्यात ठेवता येत नाही. कॉकाटील परदेशी आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळीव होत आला आहे.

सध्या माझ्याकडे पेटीत पाच अंडी आहेत. ज्यांना बघायचं असेल त्यांनी सकाळी आठच्या सुमाराला या. तेव्हा मादी उठून दाण्यावर येते आणि नर आत जायच्या तयारीत असतो. तेवढ्या दोन मिनिटांत मी झाकण उघडते.